जुन्या ट्रॅक्टरला वापरलेली केबिन: बसवायच्या आधी उतरवायचा विचार करा

आमच्या महिंद्रा 575 ट्रॅक्टरवर पहिल्यांदा केबिन बसवली तेव्हा वेल्डिंगवाल्यानं खालचा पत्रा सलग मारून दिला. एक फट नाही, एक नटबोल्ट नाही. दिसायला एकदम झकास. दोन महिन्यांत क्लच प्लेट गेली. ट्रॅक्टर फोडायला, म्हणजे मधोमध सोडवून दोन भाग करायला मिस्त्री आला, त्यानं केबिनभोवती एक चक्कर मारली, दारातून आत वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मालक, आधी गॅस कटर बोलवा. माझा पाना जायला जागा कुठं हाय?"

क्लचचं काम एका दिवसाचं. पत्रा कापून परत जोडण्यात तीन दिवस गेले. गाळप ऐन भरात होतं, भरलेली ट्रॉली फडात उभी आणि तोडणीवाले आमच्याकडे बघत बसलेले. दुसऱ्या वेळी केबिन बसवली ती मिस्त्रीला शेजारी बसवूनच. वीस-पंचवीस वर्षं चाललेला ट्रॅक्टर म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी उघडावंच लागणार. क्लच, लिफ्टचं (अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचं) झाकण, ब्रेक, सील. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर मी एकच प्रश्न विचारत गेलोय: हे उद्या काढायचं झालं तर हात कुठून जाईल?

घ्यायची का, हे आधी ठरवा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या वर जातो. त्या उन्हात चारी बाजूंनी काच लावलेली, एसी नसलेली केबिन म्हणजे भट्टी. खालून गिअरबॉक्सची धग, पुढून इंजिनची, वरून ऊन. एसी बसवायचा नसेल तर केबिन घेऊच नका. छत, पुढची काच आणि मागं जाळी एवढ्यावर भागवा. दारं काढून केबिन चालवणारे मी पाहिलेत. त्यांनी नुसतं वजन विकत घेतलं.

दुसरं, डाळिंब किंवा द्राक्षाच्या बागेत हाच ट्रॅक्टर फिरणार असेल तर केबिन विसरा. सांगोल्याकडच्या डाळिंबात फांद्या काचेला घासतात, द्राक्षाच्या मांडवाखाली तर शिरताच येत नाही. नांगरट, रोटाव्हेटर, ऊस वाहतूक, मळणी अशी धुळीची आणि लांब तासांची कामं असतील तरच हा खटाटोप परवडतो.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. केबिन म्हणजे उलटण्यापासून संरक्षण असा समज पक्का बसलाय. पत्र्याची आणि चौकोनी पाइपची केबिन ट्रॅक्टर उलटला की डब्यासारखी चेपते. उलटण्यापासून वाचवणारी चौकट वेगळी असते. ती त्या त्या मॉडेलच्या वजनासाठी चाचणी करून बनवतात आणि त्या चाचणीत ठरलेल्या जागी, ठरलेल्या बोल्टनी बसवतात. एका ट्रॅक्टरची तशी चौकट काढून दुसऱ्यावर लावली, तिला भोक पाडलं किंवा वेल्ड मारलं की ती चाचणी तिथंच संपली. उलट केबिनचं वजन उंचावर बसतं, म्हणजे बांध ओलांडताना ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा लवकर कलतो.

जुनी केबिन बघायला जाताना

खिशात लोहचुंबक, टेप, लहान हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. खांबांच्या बुडाशी आणि दाराच्या उंबऱ्याशी चुंबक फिरवा. चिकटत नसेल तिथं आत पुट्टी भरलीय. हातोडीनं टिचकी मारा: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. शंका आली तर स्क्रू-ड्रायव्हर टोचा. विकणारा ओरडला तर समजा उत्तर मिळालं.

मग कर्ण मापा. पुढच्या डाव्या कोपऱ्याच्या बुडापासून मागच्या उजव्या कोपऱ्याच्या बुडापर्यंत, आणि उलट बाजूनं. तसंच वर छताशी, आणि दाराच्या चौकटीतही. दोन्ही मापांत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर केबिन पिळलेली आहे. ती एकदा पलटी झालेली असू शकते. अशी केबिन फुकट दिली तरी नको. दारं कधी नीट लागणार नाहीत आणि काचा वरचेवर तडकतील.

केबिन कशावरून उतरवली ते विचारा. हार्वेस्टरवरून आली असेल तर वायपरची मोटर आणि पंखे 12 व्होल्टचे की 24 चे, हे पाटीवर वाचून घ्या. आपला ट्रॅक्टर 12 वर चालतो. आणि केबिनबरोबर जे जे सुटं निघालं असेल ते सगळं उचलून आणा: रबर माउंटिंग, ब्रॅकेट, काचेचं रबर, दाराच्या चाव्या, एसीचा ब्लोअर. नंतर एक कडी शोधायला अख्खा दिवस जातो. आम्ही दारं आणि सुट्या काचा घरच्या जुन्या सोलापुरी चादरींत गुंडाळून आणल्या, एक चरा पडला नाही. चादरी मात्र घरात परत घेतल्या गेल्या नाहीत.

कागदाचं काम, थोडक्यात

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. केबिननं वजन बदलतं, आकार बदलतो. पासिंग एमएच 13 चं असो की अकलूजचं एमएच 45, काम सुरू करायच्या आधी आरटीओत लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. विमा कंपनीलाही लेखी कळवून पोच घ्या. ऊस घेऊन हायवेला जाणारा ट्रॅक्टर असेल तर हे टाळूच नका. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा केबिनकडेच बघतो.

मापं आणि खोटी केबिन

इथं घाई करणाऱ्याचं काम दोनदा होतं.

ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करा, चारही चाकांत हवा सारखी. दोन्ही मागच्या ॲक्सलच्या मध्यातून सुतळी ताणा, ट्रॅक्टरची मध्यरेषा खडूनं फरशीवर मारा. केबिन या रेषेवर बसवायची, मडगार्डच्या कडेवर नाही. जुन्या ट्रॅक्टरचे मडगार्ड कधी ना कधी कुठंतरी ठोकलेले असतात.

आता बांबूच्या काठ्या आणि खोक्याचा पुठ्ठा घेऊन केबिनच्या मापाचा सांगाडा ट्रॅक्टरवर बांधा. लोक हसतील, हसू द्या. रोज जो ट्रॅक्टर चालवतो त्यालाच सीटवर बसवा, मालकाला नाही. त्याला सगळं करायला लावा: क्लच पूर्ण दाबणं, दोन्ही ब्रेक, चारही बाजूंना गिअर, हायड्रॉलिकचा लिव्हर वरपासून खालपर्यंत, पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) लिव्हर, मागं वळून ट्रॉलीच्या हुकाकडे बघणं. स्टिअरिंग धरलेल्या मुठी आणि पुढची काच यांत वीतभर तरी अंतर राहिलं पाहिजे. डोक्यावर चार बोटं मोकळी पाहिजेत, आणि तीही सीटची स्प्रिंग दबून वर उसळते तेव्हा.

मग फणपाळी जोडा, टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारी दांडी) सगळ्यात आखूड करा आणि लिफ्ट पूर्ण वर घ्या. फणपाळीचं वरचं टोक पुठ्ठ्याच्या मागच्या काचेत घुसलं का? पलटी नांगर असेल तर तो पलटी मारतानाही बघा. आमच्याकडे पहिल्या मापात नांगराचा लिव्हर काचेत दोन इंच आत आला होता. पुठ्ठा फाटला, काच वाचली.

जाता जाता शेडच्या दाराची उंची मोजा. आणि रानातल्या लोंबलेल्या विजेच्या तारा बघून ठेवा. उघड्या ट्रॅक्टरच्या उंचीची सवय झालेली असते, छत मात्र आता त्याच्याही वर असतं. तार खाली असेल तर महावितरणला कळवून ओढून घ्या; काठीनं उचलून ट्रॅक्टर काढायच्या फंदात पडू नका.

चार पाय कुठं टेकवायचे

सगळ्या कामाचा जीव या भागात आहे.

जुना ट्रॅक्टर म्हणजे दोन धडं. पुढचं धड इंजिनचं, मागचं क्लच हौसिंग, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं. क्लचसाठी ट्रॅक्टर फोडतात तेव्हा ही दोन धडं इंजिनच्या मागच्या सांध्यात वेगळी होतात आणि इंजिन पुढं सरकवतात. म्हणून नियम साधा: केबिनचे चारही पाय मागच्या धडावर. बॉनेट, रेडिएटर किंवा इंजिन ब्लॉक यांना केबिनचा एकही स्क्रू लागू द्यायचा नाही. असं केलं की केबिन जागच्या जागी ठेवून इंजिन पुढं सरकतं. आमचा पहिला घोळ इथंच होता. केबिनची पुढची पट्टी इंजिनच्या बाजूला बोल्टनी धरलेली आणि सांध्याचे बोल्ट पत्र्याखाली गाडलेले.

मागचे दोन पाय ॲक्सलच्या हौसिंगवर, ज्याला मिस्त्री ट्रम्पेट म्हणतात. मडगार्डवर कधीच नाही. मडगार्डचा पत्रा चिखल अडवायला असतो, दोनशे किलोचा डोलारा धरायला नाही. खालून वर यू-बोल्ट, वर 12 मिलिमीटर जाडीची प्लेट, प्लेटवर रबर माउंटिंग आणि त्यावर केबिनचा पाय. पुढचे दोन पाय पायदानाच्या ब्रॅकेटचे जे मूळ बोल्ट क्लच हौसिंगला आहेत, त्याच भोकांचा उपयोग करून घ्यायचे. बोल्टची लांबी ब्रॅकेटच्या जाडीएवढी वाढवा, म्हणजे बिडात (ओतीव लोखंडात) पूर्वीइतकेच आटे पकडतील. ब्रॅकेट वाकडी-तिकडी होणार, म्हणून आधी पुठ्ठ्यात कापा, मग पत्र्यात, मग प्लेटमध्ये.

हौसिंगला वेल्डिंग मारायचं नाही. ते बीड असतं. वेल्ड लागल्यासारखा दिसतो आणि थंड होताना बाजूलाच केसाएवढी चीर देतो. ती चीर आज दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात चिखलात ओढताना तिथून तेल गळायला लागतं. नवीन भोकही पाडायचं नाही, आतल्या बाजूला काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 कोरलेलं बघूनच घ्या. कोरा बोल्ट गेटाला वापरा. 16 मिलिमीटरच्या 8.8 बोल्टला सुमारे 200 न्यूटन मीटर, 12 मिलिमीटरच्याला 80 च्या आसपास ताण बसतो. टॉर्क पाना गॅरेजातून एका दिवसासाठी मागून आणा. रबरातून जाणारा बोल्ट मात्र असा आवळायचा नसतो. त्यात आत लोखंडी नळी पाहिजे, म्हणजे ताण नळीवर येतो आणि रबर मोकळं राहतं. नळी नसेल तर रबर चेपून बिस्कीट होतं आणि केबिन परत थेट लोखंडावर बसते. मग आवाज असा घुमतो की कानाशी हलगी वाजवल्यासारखं वाटतं.

चौथा पाय बसवताना तो पान्यानं ओढून जागेवर आणायचा मोह होतो. नका आणू. तीन पाय टेकले आणि चौथ्याखाली फट राहिली तर तेवढ्या जाडीची पट्टी कापून घाला. ओढून बसवलेली केबिन पहिल्या सरीत काच फोडते.

उचलून ठेवणं

हायड्रा क्रेन मिळाली तर उत्तम, नाहीतर शेडच्या पक्क्या गर्डरला चेन पुली. छताच्या चार कोपऱ्यांना नाही, खालच्या चौकटीला चार पट्टे बांधा आणि वर छताला आडवी फळी द्या, म्हणजे पट्टे खांब आत ओढत नाहीत. दारं आणि काचा आधीच काढलेल्या असाव्यात. वजनही कमी होतं. लटकत्या केबिनखाली कुणी वाकायचं नाही. पोरांना बघायला आवडतं, त्यांना घरी पाठवा.

इथंच एक गोष्ट करून ठेवा: ज्या चार जागी पट्टे बांधले तिथं कायमच्या कड्या वेल्ड करून घ्या. पुढच्या वेळी केबिन उतरवायची झाली तर विचार करावा लागत नाही. आमची आता चार माणसांत, वायरिंगचा जोड आणि एसीचे पाइप सोडले तर, दीड-दोन तासांत खाली येते.

वेल्डिंग जिथं जिथं करायचं तिथं आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अल्टरनेटरच्या वायरी सोडवा. वेल्डिंगच्या अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. तो पुढच्या ॲक्सलला लावून मागं वेल्ड मारला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगला डाग पाडतो. डिझेलची टाकी बॉनेटखाली अगदी जवळ असते, म्हणून शक्य ते सगळं वेल्डिंग केबिन खाली उतरवून करा. पाण्याची बादली पुरत नाही, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

तळ आणि पेडल

दुसऱ्या मशीनच्या केबिनचा तळ सपाट असतो. आपल्या जुन्या ट्रॅक्टरवर माणूस गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना पाय सोडून बसतो. त्यामुळे तो तळ तसाच बसत नाही, कापावाच लागतो. कापायचाच आहे तर तुकड्यांत करा: डावा, उजवा, सीटखालचा आणि गिअर लिव्हरभोवतीचा. प्रत्येक तुकडा नटबोल्टनी, नट खालच्या पट्टीला वेल्ड केलेले, म्हणजे वरून एका पान्यानं उघडतो. सीटखालचा तुकडा लिफ्टच्या झाकणापेक्षा मोठा ठेवा. तेल बघायची कांडी आणि तेल भरायचं बूच यांच्यावर वेगळी लहान झाकणं.

पेडलच्या खाचांकडे नीट लक्ष द्या. खाच आजच्या पेडलच्या फेरीएवढी कापली तर आज ठीक चालतं. ब्रेकचं लायनिंग झिजलं की पेडल आणखी खाली जातं, आणि एक दिवस दांडी खाचेच्या कडेला टेकते. पायाला वाटतं ब्रेक पूर्ण लागला. प्रत्यक्षात पेडल पत्र्यावर अडलेलं असतं. मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या असताना हे कळायला नको. पेडल हातानं पूर्ण खाली दाबून, त्याच्याही पुढं इंचभर जागा सोडा. फटीतून धूळ येते म्हणून रबरी फ्लॅप लावा, तो पातळ आणि दोन बाजूंनी चिरलेला असावा. गिअर लिव्हरला जुन्या जीपसारखा चामड्याचा किंवा रेक्झिनचा मोजा शिवून घ्या. आमचा मोहोळच्या सीटवाल्यानं शिवला.

काचा, धूर, धूळ

पुढं लॅमिनेटेड काच (तडकली तरी जागेवर धरून राहणारी), बाजूंना टफन (फुटली तर बारीक दाणे होणारी). खिडकीची साधी काच परवडते म्हणून लावणाऱ्यांनी ती फुटल्यावर तिचे सुरे बघावेत. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून प्लायवूडचा साचा करून, कडीची भोकं त्यात पाडून, तो साचाच काचवाल्याकडे द्या. काळी फिल्म नको: नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश आरपार आला पाहिजे. ऊन टाळायला छत बाहेरून पांढरं रंगवा आणि आत इंचभर जाडीचं इन्सुलेशन द्या. पुढं वीतभर झापड काढलं तर दुपारी मांडीवर ऊन येत नाही.

दोन दारं ठेवा, किंवा एक दार आणि आतून उघडणारी मागची काच. एकच दार असेल आणि ट्रॅक्टर त्याच बाजूला कलंडला तर बाहेर यायला वाट उरत नाही. काच फोडायची लहान हातोडी डोक्याशी अडकवून ठेवा.

सायलेन्सर आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग केबिन चढवायच्या आधी तपासा. उघड्या ट्रॅक्टरवर फुसफुसणारं पॅकिंग कुणी मनावर घेत नाही. बंद केबिनमध्ये तोच धूर आत साचतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि ड्रायव्हरला वाटतं ऊन लागलं. सायलेन्सरचं तोंड छताच्या वर न्या. इंजिनचा वाफेचा पाइप केबिनच्या खालून मागं सोडा.

धुळीसाठी फटी बुजवणं हे अर्धंच काम. काळ्या रानातली धूळ पिठासारखी असते, ती सुईच्या भोकातूनही आत येते. उरलेलं अर्धं काम ब्लोअरचं: त्यानं थोडी बाहेरची हवा फिल्टरमधून आत ओढली पाहिजे, म्हणजे केबिनमध्ये हलका दाब राहतो आणि फटीतून हवा बाहेर जाते. दाराच्या फटीशी उदबत्ती धरून बघा. धूर बाहेर ढकलला जात असेल तर जमलं. आत ओढला जात असेल तर ब्लोअर नुसती आतलीच हवा फिरवतोय.

फवारणीवाल्यांसाठी एक सूचना. युरोपच्या ईएन 15695 या मानकात केबिनचे 4 वर्ग आहेत आणि औषधाच्या वाफेपासून बचाव फक्त चौथ्या वर्गात धरला आहे. आपण जोडलेली केबिन त्यात कधीच बसणार नाही. मास्क, हातमोजे तसेच वापरा, आणि औषधानं भिजलेले बूट घालून आत चढू नका.

वायरिंग आणि एसी

एसीचा खर्च बऱ्याचदा केबिनपेक्षा जास्त होतो, हे आधीच मनात धरा.

पहिला हिशेब करंटचा. 55 वॅटचे चार दिवे म्हणजे 18 अँपिअर. ब्लोअर जोरात असताना 12 ते 15. कंडेन्सरचे (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचे) दोन पंखे मिळून 16 च्या आसपास, कॉम्प्रेसरचा क्लच 4. बेरीज पन्नाशीपार जाते आणि जुन्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर साधारण 36 चा असतो. म्हणजे रोज संध्याकाळी बॅटरी बसणार आणि सकाळी धक्का मारायला माणसं शोधणार. 65-70 अँपिअरचा अल्टरनेटर घाला आणि दिवे एलईडी करा. बॅटरीपासून केबिनला स्वतंत्र जाड वायर, बॅटरीजवळच मोठा फ्यूज, पुढं प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज आणि रिले. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी कडी हवीच. कापलेल्या पत्र्याची धार महिन्याभरात वायरचं कातडं सोलते. आणि केबिनचं सगळं वायरिंग एका मोठ्या जोडावर आणा, जो काढला की केबिन मोकळी.

कॉम्प्रेसर इंजिनवर बसतो आणि तीन ते पाच एचपी खातो. पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरला हलक्या कामात कळत नाही, भरल्या ट्रॉल्यांनी चढ चढताना कळतं. स्विच हाताशी ठेवा. ब्रॅकेट 10 मिलिमीटरच्या प्लेटची, दोन ठिकाणी धरलेली. पुली एका रेषेत आहेत का हे ताणलेल्या दोऱ्यानं बघा. बेल्ट वाकडा चालला तर आठवड्यात तुटतो आणि जाताना पंख्यात अडकतो.

कंडेन्सर रेडिएटरपुढं लावायचा सल्ला सगळे देतात, कारण तो स्वस्त पडतो. आपल्या उन्हात तो चुकीचा. कंडेन्सरची गरम हवा रेडिएटरला मिळते आणि रोटाव्हेटर चालू असताना पाणी उकळतं. तो छतावर मागच्या बाजूला, स्वतःच्या पंख्यांसह बसवा. छतावरचा कंडेन्सर ऊसतोडीत पाचटाच्या भुशानं भरतो, म्हणून जाळी चटकन निघेल अशी करा आणि हवा मारताना आतून बाहेर मारा.

जुन्या केबिनबरोबर आलेले एसीचे पाइप फेकून द्या. रिसीव्हर ड्रायर (गॅसमधली ओल टिपणारा डबा) नवीनच घाला, कारण तो उघडा राहिला की ओल शोषून निकामी होतो. गॅस भरायच्या आधी अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम लावून काटा पडतो का हे बघायला सांगा. "मालक, भरतो पटकन" म्हणणारा माणूस असेल तर समोर बसून राहा. केबिन उतरवताना हा गॅस हवेत सोडायचा नसतो. मशीननं परत काढून घेणारा एसीवालाच गाठा.

आणि पाण्याचे पाइप! छतातल्या कॉइलखालच्या ट्रेला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन निचरा पाइप पाहिजेत. आमच्या ट्रेला एकच होता, उजवीकडे. डावीकडं चाक सरीत उतरलं की साठलेलं गार पाणी थेट ड्रायव्हरच्या मानेवर. पोरगं पहिल्यांदा किंचाळलं तेव्हा मला वाटलं विजेचा झटका बसला.

वजनकाटा आणि चाचणी

केबिन चढवायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण ट्रॅक्टर. नंतरच्या खेपेला रोजचं सगळ्यात जड अवजार उचललेल्या अवस्थेतही पुढची चाकं तोला. पुढच्या चाकांवरचा भार ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली जाता कामा नये. उदाहरणार्थ ट्रॅक्टर 2,100 किलो भरला तर पुढं 420 किलो हवेतच. कमी पडले तर पुढं वजनं लावा. स्टिअरिंग हलकं लागतंय म्हणून खूश होऊ नका.

पहिली फेरी रिकाम्या रानात, हळू. दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग, मागं-पुढं, लिफ्ट वर-खाली. बांध ओलांडताना मागच्या टायर आणि केबिनच्या पत्र्यात दोन इंच तरी फट राहते का हे दुसऱ्या माणसाला बाजूला लांब उभं राहून बघायला सांगा. मग ट्रॉली जोडून रस्त्यावर. आरसे आता बाहेरच्या बाजूला लांब दांडीवर लागतील, नाहीतर ट्रॉलीचं चाकच दिसत नाही.

दहा तास चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा ताणा, पन्नास तासांनी परत एकदा. ताणून झाला की बोल्टच्या डोक्यापासून प्लेटवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, पाना लावून बघायची गरज नाही. रबरांवर डिझेल-तेल सांडू देऊ नका.

गळती शोधायला मृगाची वाट बघू नका. एकानं छतावर पाइपनं पाणी सोडायचं, दुसऱ्यानं आत खडू घेऊन बसायचं. थेंब खाली पडतो तिथं भोक नसतं. तो वरून काठाकाठानं ओघळत आलेला असतो, म्हणून पहिला ओला डाग दिसेल तिथंच खूण करा. दोन दिवस उन्हात वाळू द्या आणि मगच सिलिकॉन मारा, ओल्यावर तो धरत नाही. तळाच्या तुकड्यांना मात्र सिलिकॉन लावू नका, तिथं रबराची पट्टीच ठेवा. आमच्या मिस्त्रीनं परवा ती पट्टी उचलून बघितली, चारही तुकडे काढले, परत लावले आणि चहा मागितला.